विश्लेषण : माळ्यावरचे जुने स्पीकर भंगारात की पुन्हा दिवाणखान्यात? घरी काय दुरुस्त होते आणि काय नाही?

घराला रंग द्यायचे ठरले, की माळा रिकामा करावा लागतो. मग ट्रंका आणि पितळी भांड्यांच्या मागून कधी कधी दोन लाकडी खोकी खाली येतात. एका हाताने उचलत नाहीत इतकी जड. पुढे मळकट तपकिरी कापड, मागे वायर जोडायचे दोन स्क्रू. कुणीतरी हौसेने अॅम्प्लिफायर जोडतो, गाणे लागते आणि आवाजाऐवजी फरफर ऐकू येते. त्यानंतरचा प्रश्न ठरलेला असतो : भंगारात द्यायचे की दुरुस्त करायचे?

भंगारवाला ते वजनावर घेतो. त्याच्या लेखी त्यात थोडे तांबे, बरेचसे लोखंड आणि एक चुंबक असते. प्रत्यक्षात अशा स्पीकरमध्ये बिघडलेला भाग बहुतेक वेळा सगळ्यात स्वस्त असतो : फोमची एक गोल पट्टी, दोन-तीन कपॅसिटर, हातभर कापड. आता पुन्हा मिळणार नाहीत असे भाग, म्हणजे मूळ कोन, चुंबक आणि खोके, बहुधा शाबूत असतात. गंमत अशी, की हे शाबूत भाग कायमचे बिघडतात ते अनेकदा माळ्यावर नव्हे, तर घाईत केलेल्या दुरुस्तीत.

स्पीकरच्या आत नेमके असते काय?

आजच्या फोनसोबत मिळणाऱ्या स्पीकरचे आणि पन्नास वर्षांपूर्वीच्या स्पीकरचे तत्त्व एकच आहे. चेस्टर राइस आणि एडवर्ड केलॉग या जनरल इलेक्ट्रिकच्या दोन अभियंत्यांनी १९२५ मध्ये ते मांडले. चुंबकाच्या अरुंद फटीत तारेची एक बारीक कॉइल असते. तिच्यातून गाण्याचा विद्युतप्रवाह गेला, की ती पुढे-मागे हलते. कॉइलला चिकटवलेला कागदी शंकू, म्हणजे कोन, तिच्याबरोबर हलतो आणि हवा ढकलतो.

कोन सरळ रेषेतच हलावा यासाठी त्याला दोन ठिकाणी आधार असतो. आतल्या बाजूला घड्या असलेली कापडी चकती, तिला स्पायडर म्हणतात. बाहेरच्या कडेला मऊ गोल पट्टी, ती म्हणजे सराउंड. कॉइल आणि चुंबक यांच्यातली फट मिलिमीटरच्या अंशात मोजावी एवढी असते. यातला एक आधार गेला, की कॉइल चुंबकाला घासते. माळ्यावरून आलेल्या स्पीकरची खरखर बहुधा हीच असते. फाटक्या कडेतून हवा निसटते, तिची फरफर वेगळी.

फोमच आधी का जातो?

सुरुवातीच्या अनेक स्पीकरांचे सराउंड कोनाच्याच कागदाचे किंवा लेप दिलेल्या कापडाचे असत. ते आजही टिकून आहेत. पुढे पॉलियुरेथेन फोम आला. हलका, मऊ आणि स्वस्त. कमी जागेत खोल बास हवा असेल, तर कोनाला लांबवर हलू देणारी मऊ कडा लागतेच. १९५४ मध्ये एडगर विल्चर आणि हेन्री क्लॉस यांनी अमेरिकेत ‘अकूस्टिक रिसर्च’ ही कंपनी काढली आणि पूर्ण बंद खोक्यातला स्पीकर बाजारात आणला. त्यात खोक्यात अडकलेली हवाच स्प्रिंगचे काम करते. त्यामुळे पुस्तकांच्या कपाटात मावणाऱ्या खोक्यातूनही खोल बास येऊ लागला. या विचारावर पुढे जगभर स्पीकर बनले आणि त्यातल्या बऱ्याच स्पीकरांना फोमचा सराउंड आला.

फोमचे दुखणे रासायनिक आहे. हवेतली आर्द्रता, ऑक्सिजन आणि ऊन यांनी पॉलियुरेथेनच्या साखळ्या तुटत जातात. स्पीकर वाजवला नाही तरी हे थांबत नाही. साधारण दहा ते वीस वर्षांत फोम आधी चिकट होतो, मग बोट लावताच त्याचा भुगा होतो. मुंबई-कोकणासारख्या दमट हवेत हे लवकर होते. म्हणूनच ‘फारसा वापरलेला नाही, नवा कोरा आहे’ हे विक्रेत्याचे वाक्य फोमच्या बाबतीत काही सांगत नाही. रबराचा सराउंड मात्र जास्त तग धरतो. तो ताठर झाला नसेल, तर त्याला हात न लावलेला बरा.

खोलण्याआधी काय तपासायचे?

तीन तपासण्या पुरेशा आहेत आणि त्यांना पाच मिनिटे लागतात.

पहिली बोटांची. ग्रिल काढून वूफरच्या कोनावर समोरासमोर दोन्ही हातांची बोटे ठेवून तो अलगद आत दाबावा. तो गुळगुळीत गेला आणि आला, तर कॉइल ठीक. खरखर जाणवली, तर कॉइल घासते आहे किंवा जळून फुगली आहे. खोके पूर्ण बंद प्रकारचे असेल, तर सोडल्यावर कोन हळूहळू जागेवर येतो. झटकन आला, तर कुठून तरी हवा गळते आहे.

दुसरी मल्टिमीटरची. ज्या स्पीकरवर ८ ओम लिहिले आहे, त्याच्या वूफरची तार थेट मोजली तर साधारण साडेपाच ते सात ओम दिसतात. ते बरोबर आहे. ८ हा आकडा गाणे चालू असतानाचा नाममात्र रोध आहे. मीटरने काहीच दाखवले नाही, तर कॉइल तुटली आहे.

तिसरी दीड व्होल्टच्या पेन्सिल सेलची. वूफरच्या तारांना सेल क्षणभर टेकवला, की कोनाची हालचाल दिसते. सेलचे अधिक टोक लाल खुणेला लावल्यावर बहुतेक स्पीकरांचा कोन बाहेर येतो. जेबीएलच्या जुन्या स्पीकरांत उलटे, आत जातो. तो बिघाड नव्हे, त्या कंपनीची पद्धतच तशी होती. ट्वीटरवर मात्र हा प्रयोग करू नये, त्याची तार केसासारखी बारीक असते.

खोके उघडताना फोनने फोटो काढत जावे. कुठली रंगीत तार कुठे होती, हे अर्ध्या तासाने आठवत नाही. काही जुन्या खोक्यांत काचतंतूंची लोकर भरलेली असते. ती त्वचेला टोचते आणि तिची धूळ नाकात जाते. मास्क आणि हातमोजे हवेतच. लोकर जेवढी निघाली तेवढीच परत भरायची, कारण तिचे प्रमाणही बास ठरवते.

फोम बदलणे घरी जमते का?

जमते, पण घाई चालत नाही. ‘दहा इंची वूफरचा फोम द्या’ एवढ्यावर खरेदी केली, तर बहुधा चुकीचा येतो. कोनाचा व्यास, बाहेरच्या धातूच्या चौकटीचा व्यास आणि फोमच्या फुगवट्याची रुंदी ही तीन मापे लागतात. फोम नाही, रबर टिकाऊ म्हणून जाड रबर बसवण्याचा मोहही होतो. मग सराउंड ताठर होतो, कोनाची नैसर्गिक कंपनसंख्या वर सरकते आणि ज्या बाससाठी हा सगळा खटाटोप, तोच कमी होतो.

जुना फोम आणि त्याखालचा गोंद काढण्यात सगळ्यात जास्त वेळ जातो. आयसोप्रोपिल अल्कोहोल कापसाला लावून गोंद मऊ करायचा आणि बोथट पात्याने हळूहळू खरवडायचा. अॅसिटोन किंवा थिनर नको, काही कोन त्यात विरघळतात. नवा फोम आधी कोनाला चिकटवायचा. वाळल्यावर लवचीक राहणारा पांढरा गोंद त्यासाठी चालतो. झटपट चिकटणारा सुपरग्लू अजिबात नको, कारण चूक सुधारायला वेळच मिळत नाही.

खरी कसोटी बाहेरची कडा चिकटवताना लागते. कॉइल फटीच्या बरोबर मध्ये राहिली पाहिजे, पण ती दिसत नाही. इथे फोन कामाला येतो. टोन जनरेटर प्रकारच्या अॅपमधून ३० हर्ट्झचा सूर लावायचा आणि अॅम्प्लिफायरचा आवाज अगदी कमी ठेवायचा. कोन संथपणे पुढे-मागे हलत राहतो. खरखर ऐकू आली, तर गोंद ओला असेपर्यंत कोन केसभर सरकवायचा. आवाज स्वच्छ झाला, की तो तिथेच ठेवून पूर्ण वाळू द्यायचे. जुने कारागीर मधली टोपी कापून कॉइलभोवती पातळ पट्ट्या खोचतात. ती पद्धत जास्त अचूक आहे, पण त्यात मूळ टोपी जाते.

कोनाला छोटी चीर असेल, तर टिश्यू पेपरचा तुकडा आणि पातळ केलेला पांढरा गोंद पुरे. कोन काळा दिसावा म्हणून त्याला रंग देणे ही मात्र सर्वाधिक आढळणारी आणि न सुधारणारी चूक. रंगाने कोन जड होतो आणि स्पीकरचा आवाज बदलतो.

फोम ठीक, तरी आवाज मंद का?

कारण दुखणे क्रॉसओव्हरमध्ये असते. खोक्याच्या मागच्या भिंतीवर लाकडाच्या किंवा हार्डबोर्डच्या तुकड्यावर तांब्याच्या गुंडाळ्या आणि काही कपॅसिटर दिसतात. जाड सूर वूफरकडे आणि बारीक सूर ट्वीटरकडे पाठवणे हे त्यांचे काम. गुंडाळ्या सहसा खराब होत नाहीत. इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर मात्र आतून सुकतात. काहींचा अंतर्गत रोध वाढतो, मग ट्वीटर क्षीण होतो आणि झांजा, तंबोऱ्याची झार, ‘स’ आणि ‘श’ पुसट होतात. काहींचे मूल्य वाढते आणि ते जास्त धोक्याचे.

साधा हिशेब करून पाहू. ८ ओमचा ट्वीटर ३००० हर्ट्झच्या वरच चालावा यासाठी सर्वात साध्या मांडणीत साधारण ६.६ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर लागतो. तो वयोमानाने १० मायक्रोफॅरडवर गेला, तर सीमा २००० हर्ट्झपर्यंत खाली येते. जे सूर वूफरने पेलायचे ते नाजूक ट्वीटरच्या वाट्याला येतात. आवाज वाढवला, की ट्वीटर जळतो आणि दोष अॅम्प्लिफायरला दिला जातो.

म्हणून ३०-४० वर्षांचे इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर बदलणे शहाणपणाचे. मूल्य तेच, व्होल्टची क्षमता तेवढी किंवा जास्त, आणि प्रकार ‘नॉन-पोलर’. रेडिओ-टीव्हीत वापरतात तो अधिक-उणे खूण असलेला साधा कपॅसिटर इथे चालत नाही. महागडे फिल्म कपॅसिटर टाकायचे का, यावर हौशी मंडळींत अखंड वाद चालतो. फिल्मचा अंतर्गत रोध फार कमी असतो. त्यामुळे काही स्पीकर मूळपेक्षा किंचित कर्कश वाटू शकतात. ती सुधारणा मानायची की बिघाड, हे ऐकणाऱ्याने ठरवावे. मूळ आवाजच हवा असेल, तर चांगल्या प्रतीचा नॉन-पोलर इलेक्ट्रोलिटिक पुरे.

मागच्या बाजूला ट्वीटरचा आवाज कमी-जास्त करायची बटणे असतील, तर आधी त्यांच्याकडे पाहावे. आत गंज चढल्याने कित्येकदा ट्वीटर मेलेला वाटतो. कॉन्टॅक्ट क्लीनरचा फवारा मारून बटण वीस-पंचवीस वेळा फिरवले, की तो जिवंत होतो.

कापडाला एवढे महत्त्व कशासाठी?

कारण ते पडद्याचे कापड नाही. बीबीसीच्या अभियंत्यांनी १९७०च्या दशकात बाह्य प्रक्षेपणाच्या गाड्यांसाठी ‘एलएस३/५ए’ हा छोटा स्पीकर तयार केला. त्याचा आवाज जुळवताना ग्रिल लावलेले गृहीत धरले होते. ट्वीटरभोवती लोकरी फेल्टची चौकट आणि पुढे टायगन नावाचे प्लास्टिकच्या धाग्यांचे विणलेले कापड. हे कापड गरम हवा दिली, की आक्रसून ताठ बसते. त्याजागी दुसरे जाड कापड लावले, तर वरच्या सुरांत फरक पडतो. उलट, ग्रिल काढून ऐकले तरी तो मूळ आवाज नसतो. सगळेच स्पीकर इतके काटेकोर नव्हते, पण ‘कापड कुठलेही लावा, काय फरक पडतो’ हे मात्र खरे नाही.

काही ग्रिल कापडाच्या नसतातच. जेबीएलच्या ‘एल१००’वरची चौकड्यांची फोमची ग्रिल प्रसिद्ध आहे. निळ्या-नारिंगी रंगांची. सराउंडसारखाच तिचाही भुगा होतो. तिला धुण्याचा प्रयत्न केला, तर ती हातात येते. ती नवीच घ्यावी लागते.

कापडी ग्रिल आधी साफ करून पाहावी. मऊ ब्रशने धूळ काढायची. व्हॅक्यूम क्लीनर वापरायचा, तर तोंडावर जुना पायमोजा ताणून आणि कमी जोरावर. तरीही मळ गेला नाही, तर कोपऱ्यातल्या न दिसणाऱ्या जागी ओला पांढरा कपडा दाबून रंग सुटतो का पाहायचे. कापड चौकटीवर असतानाच भिजवणे टाळावे. चौकट बहुधा हार्डबोर्डची असते. पाणी लागले, की ती फुगते आणि तिच्यातला तपकिरी रंग कापडात उतरतो. डाग काढायला गेलेल्या माणसाच्या हाती मोठा डाग येतो. टाचण्या काढून कापड सुटे करून थंड पाण्यात सौम्य साबणाने बुडवून काढावे, पिळू नये, आणि सावलीत सपाट वाळवावे. सुती किंवा लिननचे कापड धुतल्यावर आटते. मग ते त्याच चौकटीला पुरत नाही, हे आधीच लक्षात घेतलेले बरे.

कापड विरले असेल, तर नवे. निवडताना दोन कसोट्या आहेत. दुकानातच कापड तोंडासमोर धरून फुंकर मारायची. पलीकडे ठेवलेल्या तळहाताला हवा जवळजवळ तशीच लागली पाहिजे. दुसरी घरची. स्पीकरवर एकसारखा खळखळाट लावायचा (‘पिंक नॉइज’ नावाने तो सहज मिळतो), फोन एका जागी ठेवून स्पेक्ट्रम दाखवणारे अॅप सुरू करायचे आणि कापड पुढे धरून-काढून फरक पाहायचा. फोनचा माइक अचूक नसतो, पण इथे तुलनाच करायची आहे. पाच-सहा हजार हर्ट्झच्या पुढे आलेख ठळकपणे खाली बसत असेल, तर ते कापड पडद्यालाच वापरावे. मांजरपाट, मखमल, जाड सोफ्याचे कापड या कसोटीत नापास होतात. गोणपाट आवाजाला वाट देतो आणि दिसायलाही छान दिसतो, पण तंतू झडतात आणि पावसाळ्यात तो ढिला पडतो. सैल विणीचे पॉलिएस्टर दिसायला थोडे निर्जीव असले, तरी दमट हवेत ताण धरून ठेवते. काही हौशी मंडळी नव्या लिननला चहाच्या पाण्यात बुडवून जुनी झाक आणतात. पॉलिएस्टरवर चहाचा रंग चढत नाही, तो नाद सोडावा.

कापड ताणण्याची पद्धत चित्रकार कॅनव्हास ताणतात तीच. आधी वरच्या बाजूच्या मध्यावर एक टाचणी, मग खालच्या मध्यावर, मग डावीकडे, उजवीकडे. तिथून दोन्ही बाजूंनी आळीपाळीने कोपऱ्यांकडे. कोपरे शेवटी. एका टोकाकडून सुरुवात केली, की विणीच्या रेषा तिरक्या जातात आणि भिंतीला टेकवलेल्या स्पीकरवर ते वाकडेपण दुरूनही दिसते. टाचणी चौकटीच्या जाडीपेक्षा आखूड हवी. कापड पातळ असेल, तर मागची चौकट आणि खोक्याचा पुढचा फळा काळा करावा, नाहीतर आतले लाकूड झळकते. जुने कापड तोवर टाकू नये. नवे कापण्यासाठी तोच नमुना असतो.

खोक्याच्या लाकडाला जवसाचे तेल लावले, तर तेलाच्या चिंध्या बोळा करून ठेवू नयेत. त्या आपोआप तापून पेट घेऊ शकतात. पसरून वाळवाव्यात. आणि स्टीलच्या काथ्याने लाकूड घासताना स्पीकर बाहेर काढून ठेवावेत, कारण लोखंडाचा कीस थेट चुंबकाच्या फटीत जातो.

जुन्या रेडिओलाही हेच लागू होते?

कापडापुरते हो, त्यापुढे नाही. मर्फी, फिलिप्स, बुश यांचे व्हॉल्व्हवर चालणारे रेडिओ अजून अनेक घरांत आहेत. त्यांचे सोनेरी धाग्याचे कापड फळीला चिकटवलेले असते. मात्र ते काढण्यासाठी आतला सांगाडा बाहेर घ्यावा लागतो आणि त्यात दोन-अडीचशे व्होल्टचा डीसी दाब असतो. प्लग काढल्यावरही कपॅसिटर तो काही काळ धरून ठेवतात. काही स्वस्त रेडिओंचा धातूचा सांगाडा थेट विजेच्या तारेला जोडलेला असे. शिवाय फार जुन्या संचांच्या स्पीकरमध्ये कायमस्वरूपी चुंबकच नसते. तिथे विद्युतचुंबक असते आणि त्यातून हाच उच्च दाब फिरतो. अशा संचाला माहीतगार माणसाशिवाय हात लावू नये.

कारागिराकडे कधी जायचे?

कॉइल जळली किंवा तुटली असेल, तर. आपल्याकडे रिकोनिंग करणारे कारागीर बहुतेक गावांत सापडतात. मंडपवाले आणि बँडवाले यांचे काम त्यांच्याकडे बारमाही असते. हात सराईत असतो, पण त्यांच्याकडचे कोन मैदान गाजवणाऱ्या स्पीकरचे असतात : जाड, ताठ, जोर सोसणारे. घरगुती जुन्या वूफरमध्ये तसा कोन घातला, तर तो वाजतो, मात्र त्या खोक्याचा उरत नाही. म्हणून मूळ कोन शाबूत असेल, तर ‘फक्त कॉइल भरून द्या, कोन बदलू नका’ हे कामाआधीच स्पष्ट सांगावे. १९९१ पूर्वी आयातीवरच्या निर्बंधांमुळे परदेशी स्पीकर येत ते प्रामुख्याने बाहेरून परतणाऱ्या नातेवाइकांच्या सामानातून. त्यांचे सुटे भाग इथे कधी आलेच नाहीत. अशा जोडीतला एक वूफर गेला, तर मुंबईच्या चोर बाजारात किंवा पुण्याच्या जुन्या बाजारात त्याच मॉडेलचे निकामी खोके शोधणे हा नवा कोन बसवण्यापेक्षा बरा मार्ग असतो.

सगळे जोडून झाल्यावर दोन्ही स्पीकर शेजारी ठेवून एखादे साधे, एकट्या गायकाचे गाणे मोनोवर, कमी आवाजात लावावे. गळा दोन्हींच्या बरोबर मधून आला, तर तारा बरोबर आहेत. आवाज पसरट आणि बास गायब वाटला, तर एका स्पीकरच्या तारा उलट जोडल्या गेल्या आहेत. त्या अदलाबदल करून मगच मागचे स्क्रू आवळावेत. त्याआधी काढलेले कपॅसिटर आणि जुन्या कापडाचा एक तुकडा पाकिटात घालून खोक्यातच चिकटवावा, आणि काय बदलले व कधी, हे आतल्या फळीवर पेन्सिलने लिहावे. पुढचा फोम साधारण पंधरा वर्षांनी बदलावा लागणार आहे.